पालात म्हातारे झालेल्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. विभागीय आयुक्त, अमरावती विभाग
मा. जिल्हाधिकारी, अमरावती आणि अकोला
(प्रती : महसूल, इतर मागास बहुजन कल्याण, सामाजिक न्याय, आदिवासी विकास आणि वन विभाग)

विषय : भटक्या-विमुक्त जमातींतील वृद्धांची वयनोंद, निवृत्तिवेतन, निवारा आणि औषधोपचार

महोदय,

अमरावतीचे १४ आणि अकोल्याचे ७ अशा २१ तालुक्यांत बेड्यांवर, तांड्यांवर, पालांत आणि गावाबाहेरच्या ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीवर जी भटकी माणसे म्हातारी झाली, त्यांच्या वतीने आमची संघटना हे मागणीपत्र देत आहे. आमच्यात फासेपारधी आणि टाकणकार आहेत, ते अनुसूचित जमातीत मोडतात. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आहेत आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. वडार विमुक्त जाती ‘अ’मध्ये; बेलदार, गोपाळ, मसणजोगी, बहुरूपी, वैदू, नंदीवाले, नाथजोगी भटक्या जमाती ‘ब’मध्ये. म्हणजे एकाच माळावर शेजारी शेजारी पाल टाकून बसलेल्या तीन म्हाताऱ्यांना तीन वेगळ्या कार्यालयांत जावे लागते. तिघांची अडचण मात्र एकच असते. वयाचा कागद नसतो, राहण्याचा पुरावा नसतो, आणि आता चालवत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : माणूस म्हातारा झाला आहे हे सिद्ध करण्याचे ओझे त्या माणसावर टाकू नये, ते शासनाने उचलावे. बाकीच्या सगळ्या मागण्या या एका मागणीतून निघतात.

पूर्वी कसे निभत होते

पूर्वीचे म्हातारपण सुखाचे होते असे आम्ही म्हणणार नाही. पाल उठले की तापाने फणफणलेल्यालाही निघावे लागे. ज्याला चालवत नसे त्याला गाढवावर, घोड्यावर नाहीतर बंडीत बसवून नेत. बाळंतीण आणि म्हातारी एकाच बंडीत असत. पण त्या म्हातारीला काम होते आणि त्या कामामुळे तिच्या ताटात भाकर पडत होती.

कोणत्या महिन्यात पूर्णेला, पेढीला, शहानूरला, मोर्णेला कुठवर पाणी असते, हे म्हाताऱ्यांना ठाऊक असे. दर्यापूर, अकोट, बाळापूरकडच्या खारपाणपट्ट्यात दहा विहिरींत नऊ खाऱ्या. गोडी विहीर कोणती, हे त्यांनाच विचारावे लागे. कोणत्या गावचा पाटील पाल टाकू देतो, कुठे मागच्या साली चोरीचा आळ आला होता, कुठल्या वस्तीत आपल्या माणसाला माती दिली आहे, ही सगळी माहिती त्यांच्याजवळ. वैदूंच्या म्हाताऱ्या जडीबुटी ओळखत, पारध्यांचे म्हातारे मातीतला माग वाचत, कैकाडणी तुराट्यांची कणगी विणताना नातींना शेजारी बसवून घेत. जवान माणसे मागायला, विकायला, शिकारीला गेली की पाल, पोरे आणि कुत्री राखायचे काम म्हाताऱ्यांचे. सोयरीक जुळवायची, भांडण मिटवायचे ते यात्रेत. मढीच्या यात्रेला तर उभ्या महाराष्ट्रातले भटके जमत. इकडे बहिरमला गाठीभेटी होत. तिथे म्हाताऱ्याचा शब्द चाले.

जातपंचायतींनी आमच्याच बायांवर, गरिबांवर जे अन्याय केले ते आम्ही विसरलेलो नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आम्हाला हवाच आहे, आणि जुनी पंचायत परत आणा अशी मागणी आम्ही कधीही करणार नाही. पण भटके जगणे संपत गेले तसे म्हाताऱ्यांचे कामही संपले, आणि त्या जागी दुसरे काहीच आले नाही, एवढे शासनाने ध्यानात घ्यावे. आज पोरे शाळेत आहेत आणि ती तिथेच असली पाहिजेत. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला फासेपारध्यांच्या मुलांसाठी उभी राहिलेली ‘प्रश्नचिन्ह’ ही आश्रमशाळा आम्हाला आमची वाटते. जवान जोडपी वीटभट्टीवर, पुण्याकडे, सुरतेकडे जातात. पोटच्या पोरांनी म्हाताऱ्यांना टाकले असे कोणी म्हणू नये. भट्टीवरच्या खोपटात चौघांना जागा नसते, तिथे पाचवा कुठे न्यायचा? पूर्वी सगळे मिळून हिंडत, म्हणून म्हातारा मागे राहत नव्हता. आता जवान माणसेच तेवढी हिंडतात आणि म्हातारी माणसे माळावर राहतात.

धंदे कशाने गेले

हे धंदे आमच्या आळसाने गेले नाहीत. काही कायद्याने गेले, काही यंत्राने, काही पिकांच्या बदलाने. त्यातले बरेच बदल योग्यही होते. त्यांची किंमत कोणी मोजली, हा आमचा प्रश्न आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारध्याचा फासा बंद झाला. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. जनावरांचे खेळ करणाऱ्यांचे अस्वल आणि माकड १९९८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने गेले, २०११ मध्ये त्या यादीत बैल आला आणि नंदीबैलाच्या खेळावरही गंडांतर आले. वडारांचे पाटे-वरवंटे मिक्सरने आणि खोदाईचे काम जेसीबीने नेले. ट्रॅक्टर आला आणि वखराची पास शेवटायला गाडीलोहाराची भट्टी लागेनाशी झाली. वऱ्हाडात ज्वारी मागे पडून सोयाबीन आले. त्याने कडबा कमी झाला, जनावरे कमी झाली, गोपाळांचा जनावरांचा व्यवहार आटला, आणि खळ्यावर सुपात पडणारी ज्वारीही गेली. सोयाबीन कोणी भिक्षेत घालत नाही.

मागून खाणाऱ्यांवर तर कायद्याचीच टांगती तलवार आहे. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९ मध्ये गाणे म्हणून, नाचून, भविष्य सांगून, खेळ दाखवून पैसे घेणे हीसुद्धा भीकच धरली आहे, आणि त्यासाठी माणसाला वर्षानुवर्षे कोंडता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या या कायद्यातल्या शिक्षेच्या तरतुदी रद्द केल्या. महाराष्ट्रात तो आजही आहे. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसाव्यांच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. त्या दिवसापासून किंगरी घेऊन अनोळखी गावात शिरायला आमच्या म्हाताऱ्यांचे पाय धजत नाहीत.

यावर आमच्या मागण्या दोन आहेत. भिक्षा प्रतिबंधक कायद्यातून परंपरेने गाणारे, सोंगे आणणारे, भविष्य सांगणारे वगळावेत. तोवर दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांनी ६० वर्षांवरील अशा कोणाही व्यक्तीला या कायद्याखाली ताब्यात घेऊ नये, असा लेखी आदेश काढावा. आणि जे अजूनही फिरतात त्यांना तहसीलदार व ठाणेदार यांच्या सहीचे, फोटोचे ओळखपत्र द्यावे. ते प्रत्येक पोलीस पाटलाला माहीत असावे.

वय कसे ठरवावे

या मागणीवर आम्ही जास्त थांबणार आहोत, कारण सगळे घोडे इथेच अडते.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेला ६५ वर्षे पूर्ण झाल्याचा पुरावा लागतो. आमच्या म्हाताऱ्यांचा जन्म पालात झाला, कोतवाल बुकात तो चढला नाही. ते शाळेत गेले नाहीत, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला नाही. आधार कार्ड आहे, पण त्यावर कार्ड काढणाऱ्याने अंदाजाने टाकलेले साल आणि १ जानेवारी ही तारीख असते. बाईचे वय तिच्या थोरल्या मुलापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी जास्त दिसावे, अशीही कार्डे आहेत. जन्मतारखेची दुरुस्ती आधारवर एकदाच करता येते, आणि तिला पुन्हा जन्माचाच पुरावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०२४ रोजी अपघात-भरपाईच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की आधार ही ओळखीची खूण आहे, वयाचा पुरावा नव्हे. तरीही आधारवर ५८ लिहिले आहे म्हणून पाठ वाकलेल्या, दात पडलेल्या बाईला खिडकीवरून परत पाठवले जाते.

वऱ्हाडातल्या म्हाताऱ्याला तारीख सांगता येत नाही, पण काळ सांगता येतो. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढीकाठी गाडगेबाबांनी देह ठेवला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९७२ चा दुष्काळ पडला, खडी फोडायची कामे निघाली, लाल मिलो आणि सुकडी वाटली गेली. १९७६ मध्ये नसबंदीसाठी धरपकड झाली. १९८४ मध्ये इंदिराबाई गेल्या. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला. आता एखादी बाई म्हणते, “मिलो खाल्ला तवा माही पयली पोरगी आंगावर पेत होती.” पहिली पोर झाली तेव्हा ती सतरा-अठराची असेल, तर तिचा जन्म १९५४-५५ च्या आसपासचा, म्हणजे ती पासष्टीच्या कितीतरी पुढे आहे. आणखी दोन प्रश्न विचारले, तिच्या पाठच्या भावाचे, नवऱ्याचे साल पडताळले, की एक-दोन वर्षांच्या फरकाने वय निघते. ही काही आमची युक्ती नव्हे. जनगणनेत आणि आरोग्याच्या पाहण्यांत ज्याला वय सांगता येत नाही त्याचे वय अशाच ठळक घटना विचारून ठरवतात. ज्या पद्धतीवर देशाची लोकसंख्या मोजली जाते, ती पद्धत एका म्हातारीला दीड हजार रुपये द्यायला अपुरी का पडावी?

म्हणून मागणी अशी : जिल्हाधिकाऱ्यांनी अमरावती व अकोल्यासाठी अशी घटनांची यादी तयार करून तहसीलदारांना द्यावी. योजनेच्या नियमांत शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेला वयाचा दाखला चालतो. मग तलाठी, ग्रामसेवक, वैद्यकीय अधिकारी आणि जमातीतले दोन जाणते, त्यांपैकी एक बाई, असे पाचजण बेड्यावर यावेत. त्यांनी वय विचारावे, पंचनामा करावा आणि जागच्या जागी दाखला द्यावा. हा दाखला आधारवरच्या तारखेपेक्षा वरचढ मानावा, आणि त्याच दाखल्यावर आधारची दुरुस्तीही करून द्यावी.

दुसरे म्हणजे, श्रावणबाळ योजनेला १५ वर्षे महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा लागतो. मेळघाटाच्या पलीकडे बैतूल आणि बुऱ्हाणपूर लागतात. आमच्या कित्येकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटा धारणीहून तिकडे जातात आणि परत येतात. सरकारची हद्द त्या वाटांनंतर आखली गेली. चार महिने पलीकडे काढले म्हणून माणूस परप्रांतीय होत नाही. पावसाळ्यात ज्या गावात पाल मुक्कामी असते त्या गावाच्या ग्रामसभेचा ठराव रहिवासाचा पुरावा म्हणून धरावा.

तिसरे. सरकारजवळ आमची नोंद कधीच नव्हती, असे नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि १९२४ च्या सुधारित कायद्याने, नोंदवलेल्या जमातींच्या माणसांची नावे, बापाचे नाव, बोटांचे ठसे लिहून घेतले जात. हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवाना लागे. स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द केला. पोलीस ठाण्यांत, अभिलेख कक्षांत, तुरुंगांत त्या काळातली आणि त्यानंतरची जी दप्तरे उरली असतील ती शोधून, आमच्या आई-बापांची, आज्या-पणज्यांची नावे असलेल्या पानांच्या प्रमाणित प्रती कुटुंबांना मोफत द्याव्यात, आणि जात, वय व रहिवासाचा पुरावा म्हणून त्या ग्राह्य धराव्यात. संशय घेण्यासाठी ठेवलेली नोंद आता हक्क द्यायला वापरली जावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

निराधारचा पगार

गावोगाव याला पगारच म्हणतात. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला ५० रुपये. इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा ८० वर्षांखालील माणसासाठी २०० रुपये आहे आणि २००७ पासून तो वाढलेला नाही. पैसे बँकेत पडतात. बेड्यावरून बँकेत जायला-यायला ऑटोचे भाडे, कधी एका फेरीत काम होत नाही.

उत्पन्नाची अट तर कशालाच धरून नाही. कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांपेक्षा जास्त नसावे. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या एका माणसाने हमीच्या कामावर ६८ दिवस भरले की कुटुंब मर्यादेबाहेर जाते. शासन एका कायद्याने कामाची हमी देते आणि दुसऱ्या नियमाने, ते काम पुरते केले म्हणून, म्हाताऱ्याचा पगार बंद करू शकते. ही अट भटक्या-विमुक्तांसाठी काढून टाकावी. पालात किंवा ई-क्लासवरच्या झोपडीत राहणाऱ्या वृद्धाला उत्पन्नाचा दाखला मागूच नये.

वयाची अट ५५ करावी, ही आमची मागणी ऐकून काहींना नवल वाटते. जन्मभर उघड्यावर राहिलेले, दगड फोडलेले, उपाशी चाललेले शरीर पासष्टीची वाट पाहत नाही; पुष्कळांची गाठ पासष्टीशी पडतच नाही. शासनाला हे तत्त्व नवे नाही. ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांच्या मानधनाला वयाची अट ५० आहे. ऑस्ट्रेलियात वृद्धांच्या सरकारी सेवा इतरांना ६५ व्या वर्षी मिळतात, तर तिथल्या मूलनिवासी माणसांना ५० व्या वर्षापासून, कारण त्यांचे शरीर लवकर झिजते हे त्या सरकारने मान्य केले आहे. रक्कम निदान ३,००० रुपये करावी आणि दरसाल महागाईनुसार वाढवावी.

अंगठा लागत नाही ही तक्रार आता घरोघर आहे. वडाराच्या, लोहाराच्या, भट्टीवर राबलेल्या बाईच्या बोटांवर रेषा उरत नाहीत. रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही, बँकेत उमटत नाही, केवायसी होत नाही, पगार थांबतो. हयातीचा दाखलाही दरसाल द्यावा लागतो आणि त्या वेळी माणूस गावात नसला तर तो कागदोपत्री मेलेलाच. प्रत्येक रास्त भाव दुकानात आणि बँक मित्राजवळ डोळ्याने ओळख पटवण्याचे यंत्र असावे; तेही चालले नाही तर नोंदवहीत सही-साक्षीने धान्य व पैसे द्यावेत. हयातीची खात्री तलाठ्याने बेड्यावर येऊन करावी. समक्ष चौकशी केल्याशिवाय कोणाचेही नाव यादीतून काढू नये.

जागा, घर आणि माती

यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना २०११ ची आहे. विमुक्त व भटक्या कुटुंबाला ५ गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचे घर, अशी ती चांगली योजना आहे. पण तिला जातीचा दाखला लागतो, आणि दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा. अनुसूचित जमातीसाठी ही तारीख ६ सप्टेंबर १९५० आहे, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०. भटकी माणसे त्या तारखेला कुठे मुक्कामी होती हे कागदावर मागणे, म्हणजे ते भटके होते हेच नाकारणे. गृहचौकशीवर दाखला द्यावा. घरातल्या वृद्धाला एकदा दाखला मिळाला की मुला-नातवंडांना पुन्हा पहिल्यापासून पुरावे मागू नयेत.

ई-क्लास जमिनीवर वर्षानुवर्षे राहणाऱ्यांना अतिक्रमणाच्या नोटिसा येतात. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जागांसारख्या अपवादांना वाव ठेवला आहे. त्या अपवादाच्या आधाराने आमच्या वस्त्या नियमित कराव्यात. ज्या झोपडीत ६० वर्षांवरील माणूस राहतो ती, पर्यायी जागा ताब्यात दिल्याशिवाय, कोणत्याही कारणाने पाडू नये. पावसाळ्यात आणि वऱ्हाडातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

म्हाताऱ्यांना एक काळजी सतत असते, ती मातीची. नाथपंथी गोसाव्यांत आणि आमच्या आणखी काही जमातींत देह पुरतात, समाधी देतात. गावाच्या स्मशानात पुरू देत नाहीत, शेताच्या धुऱ्यावर पुरले तर भांडण होते. प्रेत घेऊन दोन-दोन गावे हिंडायची पाळी येते. प्रत्येक तालुक्यात आमच्या जमातींसाठी दफनभूमीची जागा सातबाऱ्यावर नोंदवून द्यावी. मागण्यांची क्रमवारी म्हाताऱ्यांना विचारून लावली असती, तर कित्येकांनी ही पहिली सांगितली असती.

दवाखाना आणि जेवण

अकोल्याचे सर्वोपचार किंवा अमरावतीचे इर्विन रुग्णालय गाठेपर्यंत आजार हाताबाहेर गेलेला असतो. महिन्यातून एकदा फिरते पथक बेड्यावर यावे. त्याने मोतीबिंदू, रक्तदाब, साखर तपासावी, वडार-बेलदारांच्या फुप्फुसांत दगडाची धूळ बसली आहे का ते पाहावे आणि खारपाणपट्ट्यात मूत्रपिंड तपासावे. सत्तरीपुढच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. वयाचा प्रश्न सुटला की हे कार्डही मिळेल. तोवर ते त्या पथकाने आपल्या डोळ्यांनी पाहून द्यावे.

ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. आमच्या माणसांना तिथे जायचे नाही. जन्मभर आपल्या माणसांत, आपल्या बोलीत राहिलेली माणसे परक्या खोलीत खंगतात. त्याच पैशातून बेड्यावरच एक पक्की खोली, पिण्याचे गोडे पाणी, संडास आणि अंगणवाडीच्या स्वयंपाकघरातून एक वेळचे ताजे जेवण द्यावे. जवान माणसे बाहेरगावी असतात त्या काळात याची गरज सर्वांत जास्त.

म्हाताऱ्यांजवळचे ज्ञान

कलावंत मानधन योजनेत आता महिन्याला ५,००० रुपये मिळतात, पण १५ वर्षांच्या कलासेवेचा पुरावा म्हणून कात्रणे, प्रमाणपत्रे मागतात. बहुरूप्याने रायरंदाचे सोंग गावच्या चावडीपुढे आणले, मसणजोग्याने घंटा आणि शंख मसणवटीत वाजवला. त्यांना प्रमाणपत्र कोण देणार होते? पाच गावांच्या ग्रामसभांचे ठराव पुरावा म्हणून घ्यावेत, आणि जिल्हा निवड समितीवर भटक्या कलावंतांपैकी एकजण असावा.

पारध्यांच्या म्हाताऱ्यांना माळरान कळते. अकोला-वाशीम भागात तणमोरासाठी माळ राखण्याच्या कामात फासेपारधी माणसे उतरली आहेत, आणि ज्याचा माग त्यांनी शिकारीसाठी शिकला तोच पक्षी ते राखतात. वन विभागाने अशा वृद्धांना माळरानाचे जाणकार म्हणून नेमून मानधन द्यावे, तरुण वनरक्षकांना त्यांच्यासोबत पाठवावे. हे ज्ञान मागे ठेवायला त्यांच्याजवळ पुस्तक नाही. वैदूंच्या वनस्पतींची नोंद करायची तर ती त्यांच्या नावाने आणि परवानगीने व्हावी.

मोजणी आणि पैसा

रेणके आयोगाने २००८ मध्ये देशातल्या भटक्या-विमुक्तांची संख्या सुमारे १०.७४ कोटी धरली. इदाते आयोगाचा अहवालही येऊन बरीच वर्षे झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने आमच्यासाठी ‘सीड’ योजना आणली : पाच वर्षांत २०० कोटी, माणशी १९ रुपयेही नाहीत. तिच्यात शिकवणी, आरोग्य विमा, रोजगार आणि घर हे चार भाग आहेत. म्हातारपण त्यात कुठेच नाही. पाचवा भाग वृद्धांसाठी जोडावा, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी.

१ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून जनगणना होत आहे, आणि तिच्यात जातही विचारली जाणार आहे. बेघरांची मोजणी एका रात्रीत उरकतात. त्या रात्री दोन्ही जिल्ह्यांत प्रगणकांसोबत जमातीचा एक वाटाड्या असावा, म्हणजे नदीकाठची, रेल्वेलगतची, यात्रेतली पाले सुटणार नाहीत. पालातल्या माणसाचे वय वर सांगितलेल्या घटना विचारून लिहावे.

यातली वयनिश्चिती, हयातीची चौकशी, रेशनवरची पर्यायी नोंद, ओळखपत्रे आणि दफनभूमीची जागा या गोष्टी जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षकांच्या अधिकारात किंवा त्यांच्या शिफारशीने होण्यासारख्या आहेत. त्यांच्यासाठी नवा कायदा लागत नाही. त्या तीन महिन्यांत व्हाव्यात. वयाची अट, उत्पन्नाची मर्यादा, पगाराची रक्कम आणि भिक्षा कायदा या बाबी शासनाकडे आपल्या शिफारशीसह पाठवाव्यात आणि त्या पत्राची प्रत आम्हाला मिळावी.

आमची विनंती आहे की तीस दिवसांच्या आत दोन्ही जिल्ह्यांची एकत्र बैठक घ्यावी. ती सभागृहात न घेता एखाद्या बेड्यावर घ्यावी, कारण ज्यांच्याबद्दल बोलायचे आहे त्यांना सभागृहापर्यंत येणे जमणार नाही. बैठकीला समाजकल्याण, आदिवासी विकास, पुरवठा, आरोग्य आणि पोलीस या विभागांचे निर्णय घेऊ शकणारे अधिकारी असावेत. बोलणाऱ्यांत निम्म्या बाया असतील, ही जबाबदारी आमची. तारीख आणि जागा किमान पंधरा दिवस आधी कळवावी, म्हणजे भिक्षेला आणि भट्टीवर गेलेल्यांना निरोप धाडता येईल.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी आणि सभासद
अमरावती व अकोला जिल्हे